जुन्या मस्टँगला एक्सप्लोररचा ८.८ एक्सल: घ्यावा का, आणि बसवताना कुठे अडतं

१९६५ ते १९७० च्या फोर्ड मस्टँगमध्ये इंजिनाची ताकद वाढवली की पहिला दम मागचा एक्सल (मागची चाकं फिरवणारे शाफ्ट, गिअर आणि त्यांचं घर) सोडतो. एक्सलचा इंचांतला आकडा म्हणजे आतल्या मोठ्या क्राउन गिअरचा व्यास. सहा सिलिंडरच्या गाड्यांतला ७.२५ इंची एक्सल तर विचारातच घेऊ नये. व्ही-८ गाड्यांतला ८ इंची रोजच्या वापराला उत्तम आहे, पण त्याच्या २८ स्प्लाइनच्या (टोकाला २८ खाचा असलेल्या) शाफ्टांवर रुंद, पकड घेणारे टायर आणि झटक्यात सोडलेला क्लच यांचा मारा फार काळ निभत नाही. यावर पैसे सगळ्यात जास्त वसूल करून देणारा उपाय म्हणजे १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल. १९९१ ते १९९४ च्या एक्सप्लोररलाही ८.८ असतो, पण त्यावर ड्रम ब्रेक येतात, त्यामुळे तो घेण्यात फारसा अर्थ नाही.

हातात काय पडतं ते पाहा. ३१ स्प्लाइनचे शाफ्ट, सव्वातीन इंच व्यासाच्या नळ्या, डिस्क ब्रेक, आणि डिस्कच्याच पोटात हँडब्रेकचा छोटा ड्रम. चाकाचे पाच बोल्ट साडेचार इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे व्ही-८ मस्टँगची चाकं बोल्टांना तशीच बसतात. स्टडही अर्धा इंचीच. एक अडचण मात्र आहे: मूळ १४ इंची चाकं या डिस्कवर बसत नाहीत, १५ इंची लागतात.

खरेदी करताना मागच्या झाकणाच्या बोल्टला लावलेली पत्र्याची चिठ्ठी वाचा. ‘३ ७३’ म्हणजे साधं डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि ३.७३ रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे (क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) ३.७३ फेरे; मध्ये इंग्रजी ‘एल’ असेल, म्हणजे ‘३एल७३’, तर आत लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं घसरत फिरू न देणारं डिफरन्शियल) आहे. चिठ्ठी गळून पडली असेल तर दोन्ही चाकं अधांतरी ठेवून एक फिरवा. दुसरं त्याच दिशेला फिरलं तर लिमिटेड स्लिप. मग दोन्ही चाकं एकाच दिशेला बरोबर फिरवून त्यांच्या एका पूर्ण फेऱ्यात पिनियनचे फेरे मोजा. पावणेचारला जरा कमी भरले तर ३.७३. एक्सलबरोबर कॅलिपर, हँडब्रेकच्या केबल, पिनियन फ्लँजचे चारही बोल्ट आणि त्याला जोडलेला प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून ताकद आणणाऱ्या दांड्याचा) फ्लँज योकही मागून घ्या. नंतर एकेक शोधण्यात जीव जातो.

रेशो निवडताना गिअरबॉक्स पाहावा. साडेपंचवीस इंच उंचीच्या टायरवर ताशी १०० किमीला, टॉप गिअर १:१ असेल तर ३.५५ वर इंजिन साधारण २९०० आरपीएमवर आणि ३.७३ वर ३०५० वर फिरतं. लांब प्रवासात हा आवाज डोकं उठवतो. ०.६८ चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा १:१ च्या वरचा गिअर) असेल तर तोच ३.७३ सुमारे २०८० वर येतो आणि गाडी मजेत धावते. ओव्हरड्राइव्ह नसेल तर ३.२७ किंवा ३.५५ शोधा. रेशो बदलला की स्पीडोमीटरचं छोटं गिअरही बदलावं लागतं, नाहीतर काटा खोटं बोलतो.

खरी मेहनत रुंदीची. चाक टेकतं त्या एका फ्लँजपासून दुसऱ्यापर्यंत हा एक्सल साधारण ५९.६ इंच भरतो. १९६७ ते १९७० च्या मस्टँगचा मूळ एक्सल ५९.२५ इंच, म्हणजे एका बाजूला जेमतेम पाच मिलिमीटर फरक. तिथे न कापता काम होतं. १९६५-६६ ला मूळ रुंदी ५७.२५ इंच आहे, तिथे न कापलेला एक्सल टायर फेंडरला घासवणार. सुदैवाने एक्सप्लोररच्या डाव्या बाजूची नळी उजवीपेक्षा सुमारे तीन इंच लांब आहे. डावी नळी तेवढी कापून दोन्हीकडे उजव्या बाजूचेच शाफ्ट वापरले की रुंदी साडेछप्पनच्या आसपास येते आणि एका बाजूला सरकलेलं पिनियनही मध्यावर येतं. त्यासाठी दुसऱ्या एखाद्या एक्सप्लोररचा उजवा शाफ्ट तेवढा आणायचा.

हे कापकाम घरच्या ग्राइंडरवर करू नका. बेअरिंगच्या जागांतून आरपार जाणारा सरळ अलाइनमेंट बार लावूनच नळीचं टोक परत जोडलं पाहिजे. टोक किंचित वाकडं बसलं तर सुरुवातीला काही कळत नाही. मग सील गळतं, बेअरिंग गुणगुणायला लागतं, आणि शाफ्टवर जिथे बेअरिंग फिरतं तिथे चर पडतो. त्याच बैठकीत नळ्या मधल्या ओतीव घराला (गिअर असतात त्या डब्याला) वेल्डने जोडून घ्या. कारखान्यात त्या घरात दाबून बसवलेल्या आणि थोड्याच ठिकाणी वेल्डने धरलेल्या असतात. जोराच्या सुरुवातींत त्या घरातच फिरतात. ओतीव लोखंड असल्यामुळे आधी घर तापवून घ्यायचं, निकेल रॉड वापरायचा आणि नंतर झाकून हळूहळू थंड होऊ द्यायचं. घाई केली की वेल्डच्या कडेनेच तडा जातो.

मग पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका. जुन्या कापून टाका, सव्वातीन इंची नळीच्या नव्या घ्या. यू-बोल्टही त्याच मापाचे. बैठका आधी फक्त टॅक मारा (वेल्डचे तात्पुरते ठिपके). गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना पिनियनचा कोन ठरवा: पिनियनची रेषा गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टला समांतर असावी, आणि पाट्यांची गाडी असल्यामुळे पिनियनचं नाक त्याहून एक-दोन अंश खाली ठेवावं, कारण जोर लागला की ते वर उचलतं. कोन चुकला तर ठरावीक वेगाला सीटखाली थरथर येते आणि लोक उगाच चाकं बॅलन्स करत बसतात. पक्कं वेल्डिंग इंच-इंचभर, बाजू बदलत करा, नाहीतर नळी केळ्यासारखी वाकते. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा. करंट बेअरिंगमधून गेला की ते बाद.

प्रोपेलर शाफ्टला दोन मापांचा, म्हणजे एका बाजूला १३१० आणि दुसऱ्या बाजूला १३३० मापाचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) बहुधा लागतो. शाफ्टची लांबी गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच मोजा आणि गिअरबॉक्सच्या टोकाला पाऊण ते एक इंच सरकायला जागा ठेवा.

ब्रेकमध्ये फसगत ठरलेली आहे. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरच्या मागच्या वाटेत दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो काढा, नाहीतर पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि डिस्क तापते. मागच्या चाकांसाठी फिरवून जुळवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) बसवा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होणं फार धोक्याचं. घरावरचा एबीएस सेन्सर जागेवरच राहू द्या, ते छिद्र बंदच हवं.

आतल्या कामात जपायचा एक बोल्ट: क्रॉस पिनला (डिफरन्शियलमधल्या आडव्या पिनला) अडवणारा बारीक लॉक बोल्ट. सी-क्लिप (शाफ्टला आतून धरून ठेवणाऱ्या कड्या) काढण्यासाठी तो काढावाच लागतो आणि जुना हमखास अर्ध्यात तुटतो. नवीन घ्या, थ्रेडलॉक लावा, १५ ते ३० फूट-पौंडांच्या पलीकडे जाऊ नका. लिमिटेड स्लिपच्या क्लच प्लेटा या वयाला झिजलेल्याच समजा. संच बदला, प्लेटा तेलात भिजवून बसवा. तेलाबरोबर फ्रिक्शन मॉडिफायर ४ औंस, नाहीतर वळताना मागून कटकट ऐकू येते.

९ इंची एक्सलपेक्षा हा बरा का? रस्त्यावरच्या गाडीला माझं मत ८.८ च्या बाजूने आहे. ९ इंचीचं पिनियन क्राउनच्या मध्यापासून जास्त खाली असल्यामुळे दात जास्त घासतात आणि ताकद थोडी जास्त वाया जाते. पण रेशो वारंवार बदलणार असाल तर ९ इंचीचं डिफरन्शियल अख्खं पुढून बाहेर येतं, ही सोय ८.८ मध्ये नाही. शर्यतीसाठी सी-क्लिपही नकोतच: शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर निघू शकतो.

बसवून झाल्यावर पहिल्या काही दिवसांत यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे बोल्ट आणि नव्या बैठका दबून थोड्या सैल होतातच, आणि सैल यू-बोल्टवर पाट्याच्या मधली पिन कापली गेली तर एक्सल तिरका सरकतो.