‘वी’ : पन्नास वेळा चावलेला घास

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिनची ‘वी’ (We) ही कादंबरी मी उचलली ती लेखक जहाजं बांधणारा इंजिनिअर होता एवढ्याच कारणासाठी. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात पेंग्विनची प्रत सापडली, क्लॅरन्स ब्राउनचं इंग्रजी भाषांतर, दीडशे रुपये. बाइंडिंग सैल होतं, चौथ्या दिवशी मधली चार पानं हातात आली. टाईप बारीक आहे, रात्री वाचणार असाल तर दिवा चांगला ठेवा.

मी भोसरीत अठ्ठावीस वर्षं वर्कस्टडीत, म्हणजे कारखान्यात कामाचा वेळ मोजण्यात काढली. पॅड आणि स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभा राहतो आणि ज्याला पाहिलं की अख्खी लाइन सावकाश हात चालवायला लागते, तो माणूस मी. त्यामुळे पुस्तकात टेलरचं नाव आलं तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसलो. फ्रेडरिक टेलर म्हणजे आमच्या धंद्याचा मूळपुरुष. दूरच्या भविष्यातला नायक डी-५०३ त्याला प्राचीन काळातला सगळ्यात बुद्धिमान माणूस मानतो. कुणा कांट नावाच्या तत्त्वज्ञावर ग्रंथालयंच्या ग्रंथालयं लिहिणाऱ्या लोकांना टेलर दिसला कसा नाही, याचं त्याला नवल वाटतं. मी मोठ्याने हसलो. पुढे हसू येईना.

शहर काचेचं आहे, घरंसुद्धा. पडदे सोडायला गुलाबी कूपन लागतं आणि ते कशासाठी मिळतं हे घरातल्या लहानांना सांगता येणार नाही. माणसांना नावं नाहीत. पुरुषांना व्यंजन आणि विषम आकडा, बायकांना स्वर आणि सम आकडा. सगळे एकाच मिनिटाला उठतात, एकाच क्षणी चमचा तोंडाशी नेतात, घास पन्नास वेळा चावतात. (बायको म्हणाली, आपल्याकडे बत्तीस वेळा सांगतात, तेवढं तरी तू चावतोस का?) जुन्या जगातून उरलेला थोर साहित्यग्रंथ कोणता, तर रेल्वेचं वेळापत्रक. दिवसात दोन तास मोकळे असतात, दुपारी चार ते पाच आणि रात्री नऊ ते दहा. तेही कधीतरी तक्त्यात बसतील, अशी डी-५०३ला आशा आहे. आमच्या तक्त्यात या मोकळीकीला ‘अलाउन्स’ म्हणत. वैयक्तिक गरजांसाठी ५ टक्के, थकव्यासाठी ४.

अशा कादंबरीत आपण हेर आणि छळ शोधतो. इथे तेही आहेत. पण मला धडकी भरली ती या माणसाच्या समाधानाने. तो ‘इंटिग्रल’ नावाचं अंतराळयान बांधतोय. इंजिनाच्या चाचणीत खाली उभी असलेली दहाएक माणसं जळून जातात आणि तो अभिमानाने लिहितो की कामाची लय क्षणभरही बिघडली नाही. दहा माणसं म्हणजे गणितात तिसऱ्या क्रमाची नगण्य राशी, सोडून दिली तरी चालते. त्यात क्रूरपणा नाही, फक्त नीट केलेला हिशोब आहे.

इथे पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं. आमच्याकडे ड्रिलिंगवर एक ऑपरेटर होता. झालेला प्रत्येक जॉब ट्रेमध्ये ठेवण्याआधी त्याला बोटाने एक टिचकी मारायचा. मी ती ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकायला सांगितली, ०.०३ मिनिट वाचणार होतं. पुढच्या स्टडीला टिचकी नव्हती. पण हात तेवढाच वेळ ट्रेच्या वर हवेत थांबत होता. मी कागदावर लिहिलं, ‘विलंब’. का मारायचा टिचकी, हे मी त्याला विचारलं नाही.

डी-५०३चे हात केसाळ आहेत, माकडासारखे. त्या गुळगुळीत शहरात त्याला त्यांची लाज वाटते. आय-३३० ही बंडखोर बाई नेमके तेच हात बघायला मागते. पुस्तकातलं मला सगळ्यात आवडलेलं पान ते.

मराठीत नाव काय ठेवायचं, हा प्रश्न मला चांगलाच चावला. रशियनमध्ये आणि इंग्रजीत एकच शब्द, आपल्याकडे दोन. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत ओढला जातो, त्याला विचारलेलंही नसतं. डी-५०३ या नोंदी परग्रहावरच्या अनोळखी वाचकांसाठी लिहितोय, म्हणून सुरुवातीला ‘आम्ही’च हवं. पण यान पाठवायचं कशासाठी, तर त्या लोकांनाही याच सुखाच्या जोखडात आणण्यासाठी. म्हणजे शेवटी ‘आपण’. मी असतो तर ‘आपण’ ठेवलं असतं.

खोट आहेच. चाळीस नोंदींपैकी मधल्या दहा-बारा तापात बरळल्यासारख्या आहेत. वाक्यं अर्धवट, जिथे तिथे डॅश, कोण कुठे पळतंय याचा पत्ता लागत नाही. बंडाचा कट मला शेवटपर्यंत नीट कळला नाही. आय-३३० सिगारेट, दारू आणि पिवळा पोशाख यांपलीकडे माणूस म्हणून फार थोडी दिसते. गुबगुबीत ओ-९० तिच्यापेक्षा कितीतरी जिवंत वाटते.

लिहून झाली १९२१ च्या सुमारास. आधी न्यूयॉर्कला इंग्रजीत छापली गेली, १९२४ मध्ये. रशियात थेट १९८८ मध्ये. झाम्यातिन १९३७ मध्येच पॅरिसला वारला होता.

शेवट ऐकायचा नसेल तर इथे थांबा. सरकार शस्त्रक्रियेने माणसांची कल्पनाशक्ती काढून टाकतं. शेवटच्या नोंदीत डी-५०३चं अक्षर तेच आहे, भाषा मात्र स्वच्छ झालीय. आय-३३०ला काचेच्या घंटेखाली बसवून हवा काढून घेतात आणि तो समोर बसून टिपून ठेवतो. ती बोलत नाही. तो अगदी बारकाईने बघतोय, माझ्यासारखा.

पाचपैकी चार. माझी प्रत मागू नका, सुटलेली चार पानं कुठल्या क्रमाने होती ते अजून जुळवतोय.