आई-बापूंना बोटीवर ठेवावं की काठावर?

चोपड्याचा एक मित्र गोव्यात शिडाच्या बोटीवर राहतो. डिसेंबरात आई-वडील, बहीण, दोन भाचे येणार. बोटीवरच झोपवू की काठावर खोली घेऊ, असं विचारतोय. मी अमळनेरचा, दोन्ही करून पाहिलंय.

खर्च: बोटीवर शून्य. डिसेंबर संपताना खोलीचे भाव मात्र बघवत नाहीत.

पाणी: चाळीस फुटी बोटीची टाकी साधारण ३००-४०० लिटरची. खान्देशातल्या बायांना पाणी पुरवून वापरणं शिकवावं लागत नाही. आमच्या आईने तांब्याभर पाण्यात भांडी काढली. भाच्यांवर मात्र नजर ठेव.

संडास: खरी कसोटी इथेच. झडप फिरवा, पंपाचा दांडा वीसेक वेळा मारा, कागदही टाकायचा नाही. आमच्या बापूंनी तो दांडा पाहिला आणि म्हणाले, "मला काठावर सोड." गुडघे दुखत असतील तर हलत्या डिंगीतून (काठावरून बोटीपर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीतून) बोटीवर चढणं त्याहून अवघड.

झोप: नांगरावरही बोट डोलते, दोरखंड रात्रभर कुरकुरतात. नवख्याला पहिली रात्र जड जाते. पण पहाटे डेकवर चहा घेताना डॉल्फिन दिसला, तर खोलीतल्या एसीची आठवणही येत नाही. (भरताचं वांगं काठावरच भाज. आमच्या केबिनला तीन दिवस वास होता.)

बहीण आणि भाच्यांना बोटीवर घे. आई-बापूंना जेटीजवळ खोली, सकाळी वारा मंद असताना दोन-तीन तासांची फेरी. सगळ्यांना मिळून एकच रात्र हवी असेल, तर नदीच्या मुखाच्या आत, शांत पाण्यात नांगर टाक.