ब्यूनोस आयर्समधील दोन स्मृतिस्थळे: छळछावणी आणि नावांची भिंत

अर्जेंटिनातील १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीने ‘बेपत्ता’ केलेल्यांचे स्मरण ब्यूनोस आयर्समध्ये दोन निराळ्या पद्धतींनी होते. नौदलाच्या ‘एस्मा’ या तांत्रिक प्रशालेत सुमारे ५,००० माणसे कोंडली गेली आणि त्यांतील बहुतेक परतली नाहीत. तिथले अधिकारी-निवास हा न्यायालयीन पुरावा असल्याने, संग्रहालय उभारतानाही त्या वास्तूत बदल न करण्याचे पथ्य पाळले गेले. म्हणून वाचलेल्यांच्या साक्षी, जिथे ते सारे घडले, त्याच खोल्यांत समोर येतात. २०२३ मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

ला प्लाता नदीकाठचे स्मृतिउद्यान मात्र नव्याने घडवलेले आहे. २००७ मध्ये खुल्या झालेल्या तिथल्या भिंतींवर सुमारे ९,००० नावे वर्षवार, वयासह कोरलेली असून गरोदर स्त्रियांच्या नावापुढे तशी नोंद आहे. हजारो पाट्या अजून कोऱ्या आहेत. कैद्यांना विमानांतून याच नदीत आणि समुद्रात फेकले जात असे.

गुन्हाच नाकारणाऱ्यांना उत्तर द्यायचे, तर एस्मा अधिक समर्थ आहे, असे मला ठामपणे वाटते. परंतु ज्या कुटुंबांना अंत्यसंस्कारही करता आले नाहीत, त्यांना हाताने स्पर्श करता येईल असे नाव उद्यानच देते.