पैठण रोडवरचं मातीच्या रंगांचं वर्कशॉप: रंगांना पाच स्टार, प्रवचनाला दोन

संभाजीनगरहून पैठण रोडला एका शेतावर हे वर्कशॉप असतं, फी माणशी ७०० जेवणासहित, बायको अन् भाचीला घेऊन जाऊन आलो. जाहिरातीत ‘निसर्गाशी नातं, मनाला शांती’ लिहिलंय त्याच्यावर जाऊ नका. पहिला तास त्यातच गेला, डोळे मिटा, धरणीमातेचं ऐका, आणि बाजूला टेबलावर प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग. एक रांजण भरून ठेवायला काय झालं होतं राव?

मग गावातले काका आले, जुन्या माळवदांची, म्हणजे मातीच्या सपाट छपरांची, कामं केलेले, आणि तिथून खरी मजा. काळी माती भिंतीला का चालत नाही तर ती वाळली की तडकते, उन्हाळ्यात रानात भेगा पडतात ना तशीच, म्हणून पांढरी माती घ्यायची, त्यात तूस, शेण, भुसा कालवून फळीवर थापायचं अन् वरून चुन्याचा हात. अजिंठ्याचा गिलावा पण साधारण याच जातीचा, माती, तूस, झाडांचे तंतू, वर चुन्याचा पातळ थर, आणि रंग दिलेत ते गिलावा सुकल्यावर. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत, २०१६ ला संशोधकांनी ते छापलंय, किडीपासून गिलावा वाचला तो त्याच्यामुळं म्हणे!

रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, आणि हिरवा आपल्याच काळ्या दगडात मिळणाऱ्या हिरव्या खनिजाचा, सगळे बाभळीच्या डिंकात कालवलेले. भाचीला निळा पाहिजे होता, तो नाही. अजिंठ्यातला निळा लाजवर्दाचा, तो दगड पार अफगाणिस्तानाकडून यायचा, हे तिथल्या ताईंनी छान समजावलं. गेरू खलताना हात असे माखतात की मोबाईल घेताच येत नाही, आणि खलबत्त्यापुढं आम्ही तिघं कितीतरी वेळ न बोलता बसलो होतो, सकाळच्या डोळे मिटण्यापेक्षा हे लई भारी.

ब्रश धुतलेलं पाणी टाकीत निवळू देतात, गाळ परत रंगात जातो. ज्या मराठवाड्यात २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हे बघून बरं वाटलं. पण काका सांगायले होते की सप्टेंबर २०२५ च्या पावसात त्यांच्याकडची बरीच माळवदं बसली, आता सगळे स्लॅब नाहीतर पत्रे टाकायलेत, मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायला कुणी बोलवत नाही. वर्कशॉपवाल्यांनी खरं तर त्यांनाच सकाळपासून बोलू द्यावं, तो शांतीवाला तास काढून टाका.

जेवण भाकरी, पिठलं, ठेचा, एक नंबर. शेडला पत्रे आहेत म्हणून उन्हाळ्यात नको आणि पावसाळ्यात गिलावा लवकर वाळत नाही, दिवाळीनंतर जा. बुकिंगच्या आधी फोन करून काका आहेत का विचारा, नसतील तर पुढची तारीख घ्या.