सायरा एक्सपांडेड लाइट इटॅलिक: बरेच महिने वापरून झाल्यावर

इलेक्ट्रिक स्कूटरच्या एका शोरूमचं काम घेतलं तेव्हा हा फॉन्ट लावला आणि तेव्हापासून बोर्ड, ब्रोशर, इन्स्टाच्या पोस्ट, डेमो गाड्यांवरचं रेडियम सगळीकडे तोच चालवतोय. ओम्नीबस टाइप या अर्जेंटिनातल्या फाउंड्रीचा, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट, लायसन्स ओपन, त्यामुळे क्लायंटच्या कामाला बिनधास्त वापरा. व्हेरिएबल फाइलमध्ये, म्हणजे सगळ्या जाडी-रुंदी एकाच फाइलमध्ये असतात तिच्यात, वजन (रेघेची जाडी) १०० ते ९०० आणि रुंदी ५० ते १२५ टक्के मिळते, मी रुंदी फुल १२५ आणि वजन ३००, म्हणजे लाइटवर ठेवतो.

याचा इंग्रजी ओ गोल नाही, कोपरे घासलेला चौकोन आहे. हे वळण जुनंय, इटलीत तुरिनच्या नेबिओलो फाउंड्रीनं १९५२ मध्ये मायक्रोग्रामा नावाचा फॉन्ट काढला, त्यात नुसती कॅपिटल होती, मग १९६२ मध्ये आल्दो नोव्हारेसे या डिझायनरच्या युरोस्टाइलमध्ये स्मॉल अक्षरं पण आली, आणि तेव्हापासून भविष्य दाखवायचं म्हटलं की लोक याच आकाराकडे वळतात. आणि प्लीज, इटॅलिकची फाइल वेगळी मिळते तीच घ्या, सरळ अक्षर इलस्ट्रेटरमध्ये शिअर करून नुसतं तिरकं ढकलू नका, अशा चौकोनी वळणाचा एक कोपरा जाड होतो आणि शेजारचा बारीक पडतो, मोठ्या बोर्डवर ते लगेच दिसतं.

बोर्डवर तर मी खूशच आहे. रेघ सगळीकडे जवळपास सारखी बारीक असल्यामुळे निऑन फ्लेक्समध्ये (वाकणाऱ्या एलईडी नळीत) अक्षर अगदी छान वळतं, रात्री लांबून मस्त दिसतं. पण आत एलईडी मॉड्यूल बसवायचे खोके-अक्षर करायचं असेल तर एवढ्या बारीक रेघेत जागाच उरत नाही, तिथे ६०० वजन घ्या. रेडियमचंही तेच, लहान साइझला प्लॉटरवर (स्टिकर कापायच्या मशीनवर) कापलं की सोलताना रेघाच उचलून येतात. ब्रोशरमध्ये काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं तर नकोच, चार रंगांच्या छपाईत शाई आत शिरते आणि अक्षर तुटतं. रेंज, बॅटरी, किंमत असल्या आकड्यांच्या टेबलला मी लाइट सोडून रेग्युलर वजन वापरतो, बारीक साइझला ० ६ ८ एकमेकांसारखे दिसायला लागतात. प्रेसवाल्याकडे जुनं कोरलड्रॉ असेल तर अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून फाइल पाठवा.

आता मराठी. यात देवनागरी नाहीच. जोडीला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा ‘अनेक देवनागरी’ हा फॉन्ट घ्या, त्यालाही रुंदी १२५ पर्यंत जाते आणि लाइट वजन आहे, सायराशेजारी परका वाटत नाही. त्याला इटॅलिक नाही, म्हणून बरेच जण सॉफ्टवेअरमधून तिरका करतात, मला ते अजिबात बघवत नाही, शिरोरेषा आडवीच राहते, काने तेवढे कलतात आणि क, फ यांची पोटं विचित्र ताणली जातात. इंग्रजी नाव तिरकं आणि खाली स्वतंत्र ओळीत मराठी सरळ, लाइटच पण एक-दोन पॉइंट मोठं, असं ठेवलं की दोन्ही नीट वाचता येतात.