आयवॉशच्या पाण्याचा चटका थांबवणारा व्हॉल्व्ह

जळगाव एमआयडीसीतील आमच्या छोट्या रसायन कारखान्यात मे महिन्यात आयवॉशच्या, म्हणजे रसायन उडाल्यास डोळे धुण्याच्या फवाऱ्याच्या, पत्र्यावरून गेलेल्या नळीचे पाणी हाताला चटका देई, आणि अ‍ॅसिड उडालेल्या डोळ्यावर तेच मारायचे, ही कल्पनाच असह्य होती. एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या मानकानुसार हे पाणी १६ ते ३८ अंशांत, सलग १५ मिनिटे मिळायला हवे. आयवॉशजवळ बसवलेला हा व्हॉल्व्ह विजेशिवाय चालतो. नळीतले पाणी तापले की ते बाहेर सोडतो आणि गार पाणी येताच मिटतो. मात्र टाकीच तापलेली असेल तर पाणी नुसते वाया जाते, म्हणून आम्ही आधी टाकीवर छप्पर घातले व नळी जमिनीत पुरली. खरा फरक या स्वस्त कामानेच पडला. गाळ अडकून व्हॉल्व्ह एकदा उघडाच राहिला, तेव्हा विक्रेत्याने दाद दिली नाही. गाळ अडवणारी जाळी आता आम्हीच दर आठवड्याला धुतो.