सेंटिनेल-१ की सेंटिनेल-२?

दोन्ही युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातले, पृथ्वीवर नजर ठेवणारे उपग्रह, दोन्हींची माहिती फुकट. सेंटिनेल-१ मालिकेतला पहिला, १ए, २०१४ मध्ये वर गेला, सेंटिनेल-२ मधला पहिला, २ए, २०१५ मध्ये. साम्य जवळपास इथेच संपतं.

सेंटिनेल-२ वरचं उपकरण जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश टिपतं. दृश्य आणि अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा) प्रकाश मिळून १३ पट्टे, त्यातल्या चारांचा तपशील १० मीटरचा, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा १० मीटर बाजूचा चौकोन. पिकं बघणाऱ्यांसाठी खरी गंमत लाल आणि अवरक्ताच्या सीमेवरच्या पट्ट्यांत आहे. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं, जवळचा अवरक्त परतवतं. लालकडून अवरक्ताकडे जाताना परतणारा प्रकाश एकदम वाढतो, ही चढण सरकली की हरितद्रव्य घटतंय हे कळतं, बऱ्याचदा पान पिवळं दिसण्याआधीच. पण वर ढग आला की खेळ खल्लास!

सेंटिनेल-१ स्वतःच रडार लहरी सोडतो, सुमारे ५.६ सेंटिमीटर लांबीच्या. त्याला ना रात्रीची अडचण, ना ढगांची. शांत पाणी लहर आरशासारखी पलीकडे उडवतं, उपग्रहाकडे फारसं काही परत येत नाही, म्हणून पूर काळा दिसतो. वाऱ्याने पाणी खडबडीत झालं की मात्र ओळख फसते आणि पाण्यात उभी झाडं तर उलट उजळ दिसतात. दोन फेऱ्यांतल्या लहरींची तुलना करून जमीन काही मिलिमीटर खचल्याचंही सांगता येतं.

नवख्याने सेंटिनेल-२ घ्यावा, त्याचं चित्र पाहताक्षणी समजतं. रडारचं ठिपकेदार चित्र वाचायला डोळा तयार व्हावा लागतो. पुराच्या कामाला मात्र मी सेंटिनेल-१च घेईन, कारण पुराच्या वेळी आकाश सहसा मोकळं नसतंच.